औषध मेंदूपर्यंत पोचते का?

आधी एक कोडे घालतो. एक मनुष्य एचआयव्हीची औषधे रोज न चुकता घेतो आहे. त्याचे रक्त तपासले तर त्यात विषाणू जवळजवळ सापडत नाहीत. तेव्हा औषधे उत्तम काम करीत आहेत असेच कोणीही म्हणेल. तरीसुद्धा काही महिन्यांपासून चालताना त्याचे पाय लटपटतात, ओळखीच्या माणसांची नावे आठवत नाहीत, साधे हिशेब चुकतात. डॉक्टर त्याच्या कण्यातून सुईने थोडे पाणी काढून तपासायला पाठवतात, आणि त्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या हजारो प्रती निघतात! एकाच शरीरातील हे दोन द्रव. एक स्वच्छ, दुसऱ्यात विषाणूंची वस्ती. हे कसे घडले?

हे कोडे मी कल्पनेने रचलेले नाही. पुण्यातील डॉ. अमीत द्रविड आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली अशा रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या रक्तातील विषाणू औषधांनी आटोक्यात आले होते अशा १५८४ जणांपैकी ७१ जणांना मेंदूच्या किंवा मज्जासंस्थेच्या काही ना काही तक्रारी सुरू झाल्या होत्या. त्या ७१ पैकी २० जणांच्या पाठीच्या पाण्यात रक्तापेक्षा जास्त विषाणू आढळले. या वीस जणांच्या रक्तातील विषाणूंचा मध्यक दर मिलिलिटरला १२० प्रती इतका होता, तर पाठीच्या पाण्यातला ४२५०. म्हणजे सुमारे पस्तीस पट. (मध्यक म्हणजे काय हे तुम्ही संख्याशास्त्राच्या धड्यात शिकला आहातच.)

दीड हजारांत वीस ही संख्या लहान आहे, हे येथेच सांगून टाकतो. बाकीच्या ५१ जणांच्या तक्रारींना हे कारण नव्हते, तेव्हा औषधे घेणाऱ्या माणसाचे डोके दुखले की लगेच विषाणू मेंदूत माजला असे समजू नये. परंतु ते वीस जण औषधे घेत असतानाच आजारी पडले होते, आणि नेहमीच्या रक्ततपासणीत त्याचा पत्ता लागत नव्हता. म्हणून औषध गिळल्यावर ते मेंदूपर्यंत पोचते की नाही, आणि पोचत नसेल तर वाटेत त्याला कोण अडवते, हे समजून घेतले पाहिजे. हा विषय डॉक्टरांचा, यात पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. पण यातला निम्माशिम्मा भाग विसरणाचा, पृष्ठभागांचा आणि पंपांचा आहे, हे पुढे दिसेलच.

विषाणू आत शिरतो तो कसा?

मेंदूत औषधाला मज्जाव होतो, मग विषाणू कसा शिरला? एखाद्या मंगल कार्यालयात लग्नाचे वऱ्हाड वाजतगाजत शिरत असताना त्या गर्दीत एखादा परका इसमही आत जातो. दारावरचा माणूस त्याला अडवीत नाही, कारण तो वऱ्हाडातलाच वाटतो. विषाणूही असाच शिरतो. आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशी गस्त घालण्यासाठी मेंदूत ये-जा करीत असतात. विषाणू त्यांच्या पोटात बसून आत जातो. यास फार दिवसही लागत नाहीत. थायलंडमध्ये अगदी नुकतीच लागण झालेल्यांची तपासणी करण्यात आली, तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यात लागणीनंतर अवघ्या आठ दिवसांतच एका व्यक्तीच्या पाठीच्या पाण्यात विषाणू सापडला होता.

आत गेल्यावर तो चेतापेशींत घर करीत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मेंदूत साफसफाई व संरक्षण करणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. विषाणू राहतो तो यांच्यात, तसेच रक्तवाहिन्यांच्या कडेला असणाऱ्या महाभक्षी पेशींत. या पेशी बिघडल्या की त्यांतून निघणाऱ्या घातक द्रव्यांनी शेजारच्या चेतापेशी दुबळ्या होतात. शिवाय मायक्रोग्लिया वर्षानुवर्षे जगतात, त्यामुळे पाहुणा लवकर हलत नाही.

आपल्याकडे आढळणारा विषाणू बहुतांशी ‘क’ उपप्रकारचा, इंग्रजी अक्षराप्रमाणे ‘सी’ उपप्रकारचा आहे. त्याच्या टॅट नावाच्या प्रथिनात एक लहानसा फरक असतो आणि त्यामुळे तो पांढऱ्या पेशींना कमी प्रमाणात खेचतो, असे बंगळूरचे डॉ. उदयकुमार रंगा यांच्या गटाने २००४ साली दाखवले. भारतीयांच्या मेंदूला हा विषाणू बहुधा त्रास देणार नाही, अशी आशा त्यावरून काहींना वाटू लागली. ती फार टिकली नाही. चेन्नई व पुणे येथील पाहण्यांत रुग्णांची स्मरणशक्ती व आकलन मंदावलेले दिसलेच.

निळे शरीर, पांढरा मेंदू

आता अडवणाऱ्याकडे वळू. १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख प्राण्यांच्या रक्तात निरनिराळे रंग टोचून पाहत होते. प्राण्याचे सारे अवयव रंगले, पण मेंदू मात्र पांढराच राहिला. एर्लिख यांना वाटले, मेंदूला त्या रंगाचे आकर्षण नसावे. तर्क चांगला होता, पण चुकीचा. १९१३ साली एडविन गोल्डमन यांनी हाच प्रयोग उलट केला. त्यांनी ट्रिपॅन ब्ल्यू हा निळा रंग रक्तात न टोचता थेट मेंदूभोवतीच्या द्रवात टोचला. या वेळी मेंदू निळाशार झाला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे मेंदू रंग घेऊ शकतो. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये कसला तरी अडसर आहे. एक प्रयोग उलटा करून पाहिल्याने केवढा उलगडा झाला पाहा!

हा अडसर नेमका कोठे आहे ते कळायला मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. १९६७ साली रीज आणि कार्नोव्हस्की या दोघांनी उंदरांच्या मेंदूतील केशवाहिन्या त्याखाली पाहिल्या. शरीरात इतरत्र केशवाहिनीच्या अस्तराच्या दोन पेशींमध्ये बारीक फटी असतात. त्यांतून पाणी, क्षार, औषधे सहज पाझरतात. मेंदूतील केशवाहिन्यांत मात्र शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की मध्ये फटच उरत नाही. म्हणजे मेंदूभोवती एखादी तटबंदी उभी आहे असे नव्हे. मेंदूत शिरणाऱ्या प्रत्येक केशवाहिनीची भिंत हाच अडसर आहे. याला आपण रक्त-मेंदू अडसर म्हणू.

ही भिंत किती मोठी? माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १.४ किलोग्रॅम. त्यातील सगळ्या केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरते. गोव्याकडे जाणारा महामार्ग क्रमांक ६६ आमच्या पनवेलला सुरू होतो. त्याने निघून पणजी मागे टाकली तरी ही केशवाहिनी संपायची नाही!

निसर्गाने ही भिंत विनाकारण घातलेली नाही. चेतापेशींचे काम सोडियम आणि पोटॅशियम यांच्या विद्युत्भारित कणांवर चालते. जेवण, धावपळ, आजार यांनी रक्तातील क्षारांचे प्रमाण खालीवर होत राहते. तो चढउतार मेंदूत थेट पोचला असता तर प्रत्येक जेवणानंतर आपले विचार बिघडले असते. तेव्हा हा अडसर आपला शत्रू नाही. त्याला पाडायचे नाही, त्याच्यातून वाट काढायची आहे.

अंतराचा हिशेब

येथे एखादा हुशार विद्यार्थी विचारील, भिंतीतून जायचेच कशाला? गोल्डमनसारखे औषध सरळ पाठीच्या पाण्यात टोचावे, म्हणजे झाले! हे पाणी, म्हणजे मस्तिष्क-मेरुद्रव, मेंदूच्या आत व सभोवती खेळत असतेच.

याचे उत्तर मिळवण्यासाठी एक प्रयोग करा. घरी चायना ग्रास मिळते. साखर-दूध न घालता ती नुसत्या पाण्यात शिजवून ताटलीत थंड करा. वडी घट्ट झाली की मधोमध पोटॅशियम परमँगनेटचा एक बारीक खडा ठेवा. (तो शिक्षकांकडून घ्यावा. त्याने हाताला डाग पडतात आणि तो तोंडात जाता कामा नये.) जांभळा रंग गोलाकार पसरू लागेल. त्याची त्रिज्या एका तासाने, चार तासांनी आणि नऊ तासांनी मोजा. एका तासात रंग अर्धा सेंटिमीटर गेला असेल तर चार तासांनी तो दोन सेंटिमीटर जायला हवा, असे आपले मन सांगते. प्रत्यक्षात तो एकच सेंटिमीटर जातो, आणि नऊ तासांनी जेमतेम दीड. शेवटी शेवटी कड तपकिरी पडून मोजमाप अवघड होते, पण नियम कळण्याइतके आकडे मिळतात.

हा विसरणाचा नियम आहे. रेणू सरळ रेषेत धावत नाहीत. धक्के खात, वाट चुकत पुढे सरकतात. म्हणून अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो, अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट.

आता मेंदूकडे या. त्यात केशवाहिन्या इतक्या दाट आहेत की कोणतीही चेतापेशी जवळच्या केशवाहिनीपासून साधारण २० मायक्रॉनच्या आत असते. एवढे अंतर औषधाचा लहान रेणू सुमारे एका सेकंदात कापतो. पण बाहेरच्या द्रवातून एक सेंटिमीटर आत जायचे असेल तर? एक सेंटिमीटर म्हणजे २० मायक्रॉनच्या ५०० पट. वेळ लागणार ५०० गुणिले ५००, म्हणजे अडीच लाख सेकंद. जवळजवळ तीन दिवस! तेवढ्या वेळात मस्तिष्क-मेरुद्रव कित्येकदा बदलून जातो आणि औषध वाहून निघून जाते. थोडक्यात, बाहेरून टोचलेले औषध मेंदूची साल भिजवील, गाभा कोरडाच राहील. औषध सर्वत्र पोचवायचे तर त्या ६०० किलोमीटरच्या भिंतीतूनच ते गेले पाहिजे. कारण तीच एक वाट प्रत्येक पेशीच्या दाराशी जाते.

भिंतीतील वाटा आणि भिंतीतले पंप

भिंतीच्या पेशींचे आवरण स्निग्ध द्रव्याचे असते. तेलात विरघळणारे, आकाराने लहान आणि विद्युत्भार नसलेले रेणू त्यात विरघळून पलीकडे जातात. मद्यार्क, चहा-कॉफीतले कॅफिन, तंबाखूतले निकोटिन असेच चटकन आत जातात; त्यांची झिंग अथवा तरतरी मिनिटांत जाणवते ती यामुळेच. ग्लुकोज पाण्यात विरघळणारे असले तरी मेंदूला त्याची सतत गरज असते, म्हणून त्याच्यासाठी भिंतीत खास वाहक प्रथिने आहेत. कंपवातावरचे एल-डोपा हे औषध अमिनो आम्लांसाठी असलेल्या वाहकावर बसून आत जाते.

याखेरीज भिंतीत आणखी एक व्यवस्था आहे आणि ती आपल्या विषयात सर्वांत महत्त्वाची आहे. तिचा शोध जितका शास्त्रीय तितकाच अपघाती. ॲम्स्टरडॅम येथे आल्फ्रेड शिंकेल आणि त्यांचे सहकारी ‘पी-ग्लायकोप्रोटीन’ नावाच्या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेले उंदीर वाढवीत होते. उंदीर दिसायला ठणठणीत होते. मग त्या उंदरांच्या खोलीत किडे झाले, आणि ते मारण्यासाठी आयव्हरमेक्टिन हे नेहमीचे औषध फवारले गेले. साधे उंदीर बरे राहिले. जनुक नसलेले उंदीर पटापट मेले. तपासले तेव्हा त्यांच्या मेंदूत आयव्हरमेक्टिन साध्या उंदरांच्या ऐंशीपटींहून अधिक साठलेले आढळले. हा वृत्तान्त १९९४ साली प्रसिद्ध झाला. पी-ग्लायकोप्रोटीन म्हणजे केशवाहिनीच्या भिंतीत बसवलेला पंपच आहे, हे त्यावरून लख्ख दिसले. तेलात विरघळून भिंतीत शिरलेला परका रेणू हा पंप ओळखतो आणि ऊर्जा खर्चून पुन्हा रक्तात फेकतो. पावसाळ्यात तळघरात पाणी झिरपत असते आणि मोटार ते सारखी बाहेर काढीत असते, तसेच हे.

दुर्दैवाने एचआयव्हीवरची काही चांगली औषधे याच पंपाच्या तावडीत सापडतात. १९९८ साली अशाच पंप नसलेल्या उंदरांना इंडिनाव्हिर, नेल्फिनाव्हिर व सॅक्विनाव्हिर ही तीन औषधे देऊन पाहिली, तेव्हा त्यांच्या मेंदूत साध्या उंदरांच्या सात ते छत्तीस पट औषध पोचले. अटाझानाव्हिर हे औषधही याच कुळातले आणि यालाही पंप बाहेर ढकलतो. पुण्याच्या पाहणीत ज्यांच्या पाठीच्या पाण्यात विषाणू सापडले त्यांतील बरेच जण अटाझानाव्हिर असलेली औषधे घेत होते, हे आता कळले तर तुम्हाला नवल वाटणार नाही.

औषध थोडे पोचणे हे अजिबात न पोचण्याहून एका दृष्टीने अधिक घातक असते. अपुऱ्या औषधात विषाणू मरत नाही. उलट औषधाला दाद न देणारे त्याचे बदललेले रूप टिकते व वाढते. पुण्यातील त्या वीस रुग्णांपैकी नऊ जणांच्या पाण्यातील विषाणूची जनुकीय तपासणी झाली. नऊही जणांत असे बदल सापडले.

अर्धा टक्का पुरतो, एक टक्का पुरत नाही

येथून पुढचा भाग जरा लक्षपूर्वक वाचा, कारण येथे भलेभले घसरतात. कोणते औषध मेंदूत चांगले जाते हे ठरवायचे तर सोपा उपाय दिसतो: पाठीच्या पाण्यातील प्रमाणाला रक्तातील प्रमाणाने भागा आणि टक्केवारी काढा. जास्त टक्के ते चांगले.

आता दोन औषधे घेऊ. अटाझानाव्हिर पाठीच्या पाण्यात रक्ताच्या सुमारे एक टक्का असते. डोल्युटेग्राव्हिर हे नवे औषध सुमारे अर्धा टक्का. टक्केवारीने पाहता अटाझानाव्हिर दुप्पट चांगले ठरते. वस्तुस्थिती मात्र उलटी आहे. अटाझानाव्हिरची पाण्यातील पातळी कित्येक रुग्णांत विषाणूला रोखायला अपुरी पडते, तर डोल्युटेग्राव्हिरची भरपूर पुरते. असे का?

पनवेलच्या एसटी स्थानकावर भरलेली गाडी येऊन उभी राहिली अशी कल्पना करा. गाडी काही गल्लीबोळांत शिरू शकत नाही. गल्लीत जातो तो गाडीतून उतरलेला माणूस. रक्तात औषधाचे बरेचसे रेणू प्रथिनांना चिकटून, म्हणजे गाडीत बसून, फिरत असतात. भिंत ओलांडता येते ती फक्त सुट्या रेणूंना. डोल्युटेग्राव्हिरचे ९९ टक्क्यांहून जास्त रेणू प्रथिनांना चिकटलेले असतात. सुटे एक टक्क्याहूनही कमी. आणि पाठीच्या पाण्यात प्रथिने फारच थोडी, म्हणून तेथले औषध जवळजवळ सगळे सुटेच. म्हणजे पाण्यातील अर्धा टक्का हा रक्तातील सुट्या भागाच्या जवळपासच आहे. उतरलेले बहुतेक प्रवासी गल्लीत पोचले! अटाझानाव्हिरचे सुमारे ८६ टक्के रेणू चिकटलेले, १४ टक्के सुटे. पण पाण्यात पोचतो फक्त एक टक्का. चौदा उतरले, एकच पोचला. तेराजणांना पंपाने व भिंतीने परत पाठवले.

दुसरा प्रश्न गरजेचा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्यांच्या पाठीच्या पाण्यात त्याचे प्रमाण दर मिलिलिटरला साधारण १३ ते १८ नॅनोग्रॅम भरले. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. फारच थोडे वाटते. परंतु विषाणूची वाढ निम्म्यावर आणण्यासाठी ०.२ नॅनोग्रॅम पुरते. म्हणजे गरजेच्या साठपटींहून जास्त औषध तेथे हजर आहे. किती टक्के पोचले हे विचारण्यापेक्षा, सुटे किती पोचले आणि किती लागते, हे दोन प्रश्न विचारावेत.

या साऱ्या मापनात एक उणीव आहे, ती लपवून उपयोग नाही. आपण मोजतो कमरेजवळच्या कण्यातले पाणी. विषाणू राहतो मेंदूच्या गाभ्यात. माथेरानच्या डोंगरात किती पाऊस झाला ते पनवेलला गाढी नदीचे पाणी पाहून ठरवण्यासारखे हे आहे. अंदाज येतो, पण नेमके सांगता येत नाही. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून तपासणे शक्य नसल्याने सध्या यावरच भागवावे लागते.

मग सर्वांनाच ‘मेंदूत जाणारी’ औषधे द्यावीत काय?

कॅलिफोर्नियातील स्कॉट लेटेंड्रे व सहकाऱ्यांनी २००८ साली प्रत्येक औषधाला मेंदूत शिरण्याबद्दल गुण देण्याची पद्धत सुचवली आणि २०१० साली ती सुधारली. गुण एक ते चार. झिडोव्हुडिनला चार, नेव्हिरापिनला चार, लॅमिव्हुडिनला दोन, टेनोफोव्हिरला एक. रुग्णाच्या सर्व औषधांचे गुण मिळवायचे. गंमत अशी की झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन व नेव्हिरापिन या जुन्या त्रिकुटाची बेरीज दहा होते, तर टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि रिटोनाव्हिरसह अटाझानाव्हिर या नंतरच्या त्रिकुटाची फक्त पाच.

परीक्षेतील गुणांसारखे हे गुणही जपून वाचावे लागतात. २०१४ साली चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करून तुलना झाली. एका गटाला मुद्दाम मेंदूत जाणारी औषधे दिली. आकलनात विशेष फरक दिसला नाही. हा प्रयोग लहान होता आणि वेळेआधी थांबवावा लागला, तेव्हा त्यावरून अखेरचा निकाल देता येत नाही. त्याच वर्षी युरोप-अमेरिकेतील ६०,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि जास्त गुणांची औषधे घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी नव्हे तर थोडा अधिक आढळला! याचा अर्थ औषधांनी स्मृतिभ्रंश झाला असाच घ्यावा असे नाही. ज्यांच्या मेंदूबद्दल डॉक्टरांना आधीच शंका होती त्यांनाच ती औषधे जास्त दिली गेली असणे शक्य आहे. छत्री घेतलेली माणसे जास्त भिजलेली दिसली म्हणून छत्रीने माणूस भिजतो असे होत नाही. पण दुसरी शक्यताही खोटी नाही. मेंदूत चांगले शिरणारे औषध तेथे त्रासही देऊ शकते. एफाव्हिरेन्झ घेणाऱ्या पुष्कळांना भोवळ येते व चमत्कारिक स्वप्ने पडतात, ती यामुळेच. झिडोव्हुडिनने काहींना रक्तक्षय होतो, तो वेगळाच.

माझ्या मते यातून निघणारा व्यवहार असा. ज्याच्या पाठीच्या पाण्यात विषाणू सापडला, त्याची औषधे बदललीच पाहिजेत. पॅरिसमधील डॉक्टरांनी २०१० साली अशा ११ रुग्णांचा वृत्तान्त दिला. पाण्यातल्या विषाणूची तपासणी करून औषधे बदलल्यावर ते सर्व सुधारले. ज्याला काही तक्रार नाही त्याला केवळ गुणांच्या बेरजेसाठी औषधे बदलण्याचे कारण नाही. त्याचे रक्त स्वच्छ ठेवणे हाच मेंदूचाही मोठा बचाव आहे, कारण आत शिरणारे वऱ्हाडच त्याने कमी होते. पुण्याजवळ भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने (तिचे नाव आता बदलले आहे) परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बऱ्याच वाढलेल्या आजारातही उपचार सुरू केल्यावर वर्षभरात रुग्णांचे आकलन सुधारलेले दिसले. तेव्हा तुमच्या घरात वा ओळखीत कोणी ही औषधे घेत असेल तर हा लेख वाचून औषध बंद करू नका. चाल लटपटणे, विसराळूपणा अशी काही लक्षणे दिसली तर मात्र रक्त चांगले आहे म्हणून स्वस्थ न बसता उपचार केंद्रातील डॉक्टरांना ती सांगा.

या गोळ्या मिळणे हीच एके काळी अशक्य गोष्ट होती. वर्षाच्या औषधांना दहा हजार डॉलरच्या वर खर्च येत असे. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ साली तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि जगभर खळबळ उडाली. याच कंपनीचा एक कारखाना आमच्या पनवेलजवळ पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत उपचार सुरू केले. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या पसंतीच्या एकाच गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि आपण पाहिलेले डोल्युटेग्राव्हिर ही तिन्ही औषधे असतात.

प्रयोगशाळेतील नवे मार्ग

औषधाला कशाच्या तरी पोटात बसवून आत नेता येईल काय? विषाणूने हीच युक्ती वापरली होती. फ्लोरिडातील माधवन नायर, साखरात खिझ्रोएव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली केलेला प्रयोग पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आवडेल. झिडोव्हुडिनला पेशीत गेल्यावर तीन फॉस्फेट गट जोडले जातात आणि मगच ते काम करू लागते. हे तयार रूप सरळ द्यावे तर त्यावर विद्युत्भार असल्याने ते स्निग्ध भिंत ओलांडत नाही. या संशोधकांनी सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाचे कण बनवले. आत कोबाल्ट फेराइटचा चुंबकीय गाभा, वर बेरियम टायटनेटचे कवच. कवचावर औषध चिकटवले. चुंबकाने कण हवे तेथे ओढायचे आणि मग बाहेरून बदलते चुंबकीय क्षेत्र लावायचे. गाभा किंचित ताणला जातो, त्या ताणाने कवचावर विद्युत्भार सरकतो आणि औषधाचा बंध सुटतो. हे सारे काचपात्रात वाढवलेल्या पेशींच्या कृत्रिम अडसरावर साधले; माणसासाठी ते अजून औषध झालेले नाही. काम उरकल्यावर मेंदूत राहिलेल्या कणांचे पुढे काय होते, हा प्रश्न आहेच.

दुसरा मार्ग श्राव्यातीत ध्वनीचा. रक्तात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडायचे आणि कवटीबाहेरून ध्वनिलहरी मेंदूतील एका ठिकाणी केंद्रित करायच्या. तेथे बुडबुडे आकुंचन-प्रसरण पावतात आणि केशवाहिनीचे घट्ट सांधे काही तास सैल होतात. हिनिनेन यांच्या गटाने २००१ साली सशांवर हे करून दाखवले. पुढे कर्करोगाच्या गाठी आणि अल्झायमरचा विकार असलेल्या माणसांवरही याच्या चाचण्या झाल्या आहेत. गाठ एका जागी असते, तेथे ही पद्धत शोभते. एचआयव्ही मात्र मेंदूत सर्वत्र विखुरलेला असतो, त्यामुळे एका बिंदूवर ध्वनी रोखून भागत नाही. आणि सांधे सगळीकडे सैल करावेत, तर रक्तातील ज्या पेशींच्या पोटात बसून विषाणू प्रथम आत आला, त्याच पेशींनाही त्या वेळी मोकळी वाट मिळेल.